डोंगरावरची वरकस शेती टिकवायची तर: नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी

सह्याद्रीच्या उतारावर नाचणी-वरी पिकवणाऱ्या शेतकऱ्याला बाहेरचा माणूस भेटला की पहिलं वाक्य ठरलेलं असतं: जाळणं बंद करा. सांगणारा निघून जातो आणि पुढच्या चैत्रात राब, म्हणजे रोपवाटिकेची जागा, पुन्हा भाजला जातो. हट्ट म्हणून नाही. शेतकरी त्या आगीकडून चार-पाच कामं एकदम करून घेत असतो आणि ती कामं दुसऱ्या कशाने होतील हे त्याला कुणी करून दाखवलेलं नसतं.

हा लेख घरची वरकस जमीन नव्याने कसायला घेतलेल्या मुला-मुलींसाठी आहे, आणि गावात नव्याने काम करू लागलेल्या कार्यकर्त्यांसाठीही. डोळ्यांसमोर पश्चिमेचा डोंगरपट्टा आहे: रायगड, ठाणे, पालघर, नाशिकचे पेठ-सुरगाणा, अकोले, जुन्नर-आंबेगाव, मावळ-मुळशी. भामरागडच्या माडियांची पेंडा किंवा ईशान्येची झूम ही फिरती शेती याच कुळातली आहे, पण तिथला पाऊस, माती आणि जमिनीची व्यवस्था वेगळी. इथलं जसंच्या तसं तिकडे नेऊ नका.

माझं म्हणणं एवढंच आहे की आगीची कामं आधी दुसऱ्यावर सोपवावीत, मग आग लहान करावी. क्रम उलटा झाला तर पहिल्याच वर्षी घरात धान्य कमी येतं आणि लोक जुन्या वाटेला लागतात. त्यांचं बरोबरच असतं.

आग नेमकं काय करते

दोन गोष्टींची गल्लत करू नका. एक म्हणजे कुमरी: डोंगराचा एक तुकडा साफ करायचा, झाडोरा वाळवून तिथेच जाळायचा, दोन-तीन वर्षं पीक घ्यायचं आणि जमीन पड टाकून पुढच्या तुकड्यावर जायचं. दुसरा राब: फक्त रोपवाटिकेच्या जागेवर शेण, झाडांचं कवळ (तोडलेल्या पानांच्या डहाळ्या), पातेरा (गळलेला पाला), गवत असे थर देऊन वर बारीक माती पसरायची आणि भाजायचं. रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडे याला भाजवळ म्हणतात. निखळ कुमरी आता आपल्याकडे थोडी उरली आहे. राब मात्र घरोघर आहे, नाचणीला आणि भातालाही.

भाजलेल्या जागेची चिमूटभर माती बोटांत चोळून पाहा. न भाजलेल्या शेजारच्या मातीपेक्षा ती मोकळी लागते, रोप उपटताना मुळं तुटत नाहीत. वरच्या थरातलं तणाचं बी मेलेलं असतं, किडींची अंडीही बरीचशी गेलेली असतात. राखेतून पालाश, चुना आणि थोडं स्फुरद मिळतं. आपली जांभ्याची तांबडी माती आम्लधर्मी, तिचा आम्लपणा राखेने तेवढ्यापुरता कमी होतो. शिवाय नुसत्या उष्णतेनेही मातीतलं अडकलेलं नत्र मोकळं होतं, त्यामुळे भाजलेल्या वाफ्यावरचं रोप काळंभोर उठतं. हे कोडं जुनंच आहे. पुण्याच्या शेती महाविद्यालयात डॉ. हॅरॉल्ड मान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1912 मध्ये राबाचा शास्त्रीय अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हापासून हा विषय कागदावर आहे.

आता दुसरी बाजू. जे कवळ आणि शेण जळतं त्यातलं बहुतेक नत्र आणि गंधक धुरातून निघून जातं. राख हलकी असते. उतारावर पसरलेली राख पहिल्या दोन-चार जोरदार सरींत नाल्याला लागते. आणि कवळ येतं ऐन-किंजळाच्या झाडांवरून, पातेरा येतो रानातल्या जमिनीवरून. म्हणजे एका गुंठ्याला सुपीक करण्यासाठी आपण कित्येक गुंठ्यांचं रान दरवर्षी ओरबाडतो.

पूर्वी हे खपून जायचं, कारण पड लांब असायची. जमिनीवर झुडपं वाढायची, पाला कुजायचा, खालचं खनिज मुळं वर आणायची. आता एकेका घराकडे जमीन थोडी, म्हणून पड दोन-तीन वर्षांवर आली. झुडूप उभं राहायच्या आत पुन्हा कुदळ लागते. खरा तोटा इथे होतो. धूर डोळ्यांना दिसतो म्हणून सगळे धुराबद्दल बोलतात, पण पायथ्याच्या ओढ्याचं लाल पाणी हा त्याहून मोठा खर्च आहे.

दिवाळीनंतर: उतार मोजा, माणसांना विचारा

पहिलं काम हत्याराशिवाय होतं. एक मीटर लांबीची सरळ काठी घ्या. तिचं एक टोक उताराच्या वरच्या बाजूला जमिनीवर टेकवा, काठी आडवी सपाट धरा आणि दुसऱ्या टोकापासून खाली जमिनीपर्यंतचं अंतर सेंटिमीटरमध्ये मोजा. वीस सेंटिमीटर आलं तर उतार 20 टक्के. शेताच्या वर, मध्ये, खाली अशा ठिकाणी मोजून कच्चा नकाशा काढा.

माझा अडाखा असा: 15 टक्क्यांपर्यंत बांध घालून धान्य बिनधास्त घ्यावं. 15 ते 30 मध्ये धान्य घ्यावं, पण पुढे सांगितलेल्या हिरव्या पट्ट्यांशिवाय नाही. त्याहून तीव्र उतारावर कुदळ लावायचीच नाही. तो तुकडा गवताला, फळझाडांना आणि रानाला सोडायचा. असा तुकडा सोडायला जिवावर येतं हे खरं. पण तिथून येणारी नाचणी आणि तिथून जाणारी माती यांचा हिशेब एकदा जुळवून पाहा.

एक गोष्ट तडजोड न करता पाळा. वस्तीच्या डोक्यावर जो उतार येतो त्याला हात लावू नका. तिथे सपाटीकरण नको, यंत्र नको, पाणी साठवणारे खोल चरही नकोत. 30 जुलै 2014 ला आंबेगाव तालुक्यातली माळीण आणि 19 जुलै 2023 च्या रात्री खालापूरची इरशाळवाडी दरडीखाली गेली. दोन्ही ठिकाणच्या कारणांची चर्चा तज्ज्ञ करोत. मुसळधार पावसाच्या मुलखात जाड मातीच्या तीव्र उतारात पाणी मुरवणं धोक्याचं आहे, एवढं आपल्याला पुरेसं आहे.

मग माणसांकडे जा. कोणत्या तुकड्यावर कोणत्या वर्षी काय होतं, शेवटची पड किती वर्षांची होती, कुठे वरी फसते, कुठे पाणी फुटतं. ही माहिती घरातल्या म्हाताऱ्या माणसांकडे, त्यातही आजीकडे असते. बियाणं आणि बेणणी (तण काढणं) दोन्ही तिच्या हातची असतात. आणि बेणणीचा प्रश्न सुरुवातीलाच मोकळेपणाने बोला. राब भाजला नाही तर तण वाढतं आणि तण काढायचं काम घरातल्या बायांवर पडतं. ज्या सुधारणेत हा बोजा कुणी मोजलेला नाही ती सुधारणा दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत टिकत नाही.

कागद

हे थोडक्यात सांगतो, पण टाळू नका. दहा वर्षांनी फळ देणारं झाड लावायला माणसाला जमीन आपली राहील याची खात्री लागते. तुमचा तुकडा सातबाऱ्यावर आहे, दळी (वनातली कसायला दिलेली जमीन) आहे, एकसाली (वर्षावर्षाने दिलेला) आहे की नुसताच वहिवाटीतला आहे ते तलाठ्याकडे आणि वनविभागाकडे पाहून घ्या. रायगडात कातकरी आणि ठाकर कुटुंबांकडे दळी जमिनी ब्रिटिश काळापासून आहेत. जमीन वनात असेल तर 2006 च्या वनहक्क कायद्याखाली दावा करता येतो. अट अशी की 13 डिसेंबर 2005 पूर्वीपासून ताबा असावा. आदिवासी नसलेल्या पारंपरिक वननिवासींना तीन पिढ्यांचा, म्हणजे 75 वर्षांचा रहिवास दाखवावा लागतो. मर्यादा 4 हेक्टर. दावा ग्रामसभेच्या वनहक्क समितीकडे सुरू होतो. पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावावर निघतो, तो वारसाने जातो, विकता येत नाही.

गावाने सामूहिक वनहक्क घेतला तर आणखी चांगलं. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला तो 2009 मध्ये मिळाला. कवळ कुठून किती तोडायचं आणि चराई कुठे बंद ठेवायची हे मग ग्रामसभा स्वतः ठरवू शकते.

माघ-फाल्गुन: समपातळीची रेष आखा

सगळ्यात जास्त फळ देणारं काम हे आहे, म्हणून इथे थोडा वेळ काढा.

उतारावर पाणी सरळ खाली धावतं आणि जितकं लांब धावतं तितका त्याला जोर येतो. त्याला दर चार-पाच मीटरवर अडवलं की ते माती टाकून पुढे जातं. अडवण्याची रेष मात्र अगदी समपातळीत हवी. नजरेने आखली तर एका टोकाला पाणी जमतं आणि तिथूनच फोडून निघतं.

त्यासाठी बांबूची चौकट घरी करता येते. दोन मीटर लांबीच्या दोन काठ्या वरच्या टोकाला बांधा, खालचे पाय दीड-दोन मीटर फाकवा आणि मध्ये आडवी काठी घट्ट बांधा. वरच्या गाठीतून दोरी सोडा, तिला आडव्या काठीच्या खाली येईल असा दगड बांधा. हा झाला ओळंबा. आता चौकट जुळवायची. दोन्ही पाय जमिनीवर ठेवा, पायांच्या जागी खुणा करा आणि दोरी आडव्या काठीला जिथे शिवते तिथे कोळशाने रेघ मारा. चौकट उलटी फिरवा, म्हणजे डावा पाय उजव्याच्या खुणेवर आणि उजवा डाव्याच्या. दोरी आता दुसरीकडे शिवेल, तिथेही रेघ मारा. दोन रेघांच्या बरोबर मधोमध तिसरी, ठळक रेघ. दोरी या रेघेवर आली की दोन्ही पाय एका पातळीत आहेत असं समजायचं.

शेताच्या एका कडेपासून सुरुवात करा. पहिल्या पायापाशी खुंटी ठोका. दुसरा पाय वर-खाली सरकवत दोरी मधल्या रेघेवर आणा, तिथे खुंटी. मग पहिला पाय फिरवून पुढे. असं करत पलीकडच्या कडेला पोचा. खुंट्यांची ओळ वेडीवाकडी दिसेल; लांबून पाहून एखादी खुंटी थोडी इकडेतिकडे करून वळण मऊ करा. वारा असेल तर दगड डोलतो, म्हणून हे काम सकाळी करावं. दोन माणसं, एक चौकट, एक कोयता, एवढं पुरतं. फिलिपिन्सच्या मिंदानाओ बेटावर 1970 च्या दशकात डोंगरउताराच्या शेतीची जी पद्धत बसवली गेली तिचाही पाया हाच आहे: समपातळीच्या रेषा आणि त्यांच्यावर शेंगवर्गीय झाडांचं दाट कुंपण.

रेष आखली की तिच्यावर आधी शेतातलेच मोठे दगड रचा, हातभर उंच पुरे. पहिल्या पावसात दगडांच्या वरच्या अंगाला गिरिपुष्पाच्या काठ्या लावा. अंगठ्यापेक्षा जाड, मीटर-सव्वा मीटर लांब, खालचं टोक तिरकं छाटलेलं, हात-दीड हातावर एक. गिरिपुष्प म्हणजे तेच ग्लिरिसिडिया, काही ठिकाणी उंदीरमारी. ते आपल्याकडचं नाही, तरीही मी सुचवतो, कारण काडीने लागतं, हवेतलं नत्र मुळांच्या गाठींत बांधतं, छाटलं की पुन्हा फुटतं, आणि गुरं त्याला सहसा तोंड लावत नाहीत. राखण करायला माणूस नसलेल्या डोंगरावर हा गुण फार मोठा. काठ्यांच्या मध्ये वाळ्याची बेटं वीतभर अंतराने लावलीत तर पट्टा लवकर मिटतो.

पहिल्या वर्षी छाटू नका. दुसऱ्या पावसाळ्यापासून कमरेच्या उंचीवर छाटायचं आणि पाला तिथेच दोन पट्ट्यांमधल्या पिकात पसरायचा. पाच-सहा वर्षांत पट्ट्याच्या वरच्या बाजूला माती साठून आपोआप पायरी तयार होते. यंत्राने उतार कापून केलेल्या पायरीपेक्षा ही मला कितीतरी भरवशाची वाटते, कारण वरची कसदार माती वरच राहते.

चैत्र: राब बंद नको, लहान करा

नव्या माणसाची इथेच घाई होते. पहिल्या वर्षी फक्त राबाचं क्षेत्र कमी करायचं, बाकी जसं चालतं तसं चालू द्यायचं.

ते असं जमतं. नाचणीचं बी वाफ्यात दाट फेकलं जातं, रोप बारीक आणि लांबुडकं होतं, मग एकेका जागी चार-पाच रोपं लावावी लागतात. बी विरळ टाका. पुनर्लागवडीसाठी हेक्टरी 4 ते 5 किलो बी पुरतं, म्हणजे एकराला जेमतेम 2 किलो. रोप ठसठशीत झालं की एका जागी दोन पुरे होतात. रोपं कमी लागली की राब लहान, राब लहान की कवळ कमी. रानावरचा भार हलका करण्याचा याहून सोपा मार्ग मला माहीत नाही, आणि यात कुणालाही काही सोडावं लागत नाही.

त्याच वर्षी वाफ्याचा चौथा भाग न भाजता करून पाहा. मीटरभर रुंद, चार बोटं उंच गादीवाफा करा. कुजलेलं शेणखत मातीत मिसळा. भाताच्या तुसाची काळी राख मिळाली तर चौरस मीटरला अर्धा ते एक किलो वरच्या थरात मिसळा. डॉ. नारायण सावंत यांच्या चारसूत्री भातशेतीतलं पहिलं सूत्रच पिकाच्या अवशेषांच्या फेरवापराचं आहे, आणि रोपवाटिकेत तुसाची राख त्यात येते. तिच्यात सिलिका भरपूर, त्याने रोप ताठ होतं. हिशेब मात्र आधी करा: एका गुंठ्याला 50 ते 100 किलो राख लागते आणि तूस जाळल्यावर राख उरते ती साधारण पाचवा हिस्सा. वर्षभर चुलीची आणि गिरणीच्या तुसाची राख कोरड्या जागी साठवली तरच हे जमेल. मेमध्ये धावपळ करून जमत नाही.

तणाचं काय? तीन वाटा आहेत. पाणी जवळ असेल तर एप्रिलमध्ये वाफा ओला करून वर पारदर्शक प्लास्टिक घट्ट ताणून कडा मातीने दाबा; चार ते सहा आठवड्यांच्या उन्हाने वरच्या थरातलं तणाचं बी बरंच मरतं. काळं प्लास्टिक इथे नको, पारदर्शकच. पाणी नसेल, आणि डोंगरावर मे महिन्यात ते सहसा नसतंच, तर वळवाच्या सरीने तण उगवू द्या, दोन पानांवर असताना खुरप्याने वरवर खरवडा, खोल माती उलटू नका, मग पेरा. यात पेरणी थोडी मागे पडते, म्हणून हळव्या (लवकर पिकणाऱ्या) वाणाला हा प्रकार बरा, गरव्याला (उशिरा पिकणाऱ्याला) नाही. तिसरी वाट ओळीत पेरण्याची. बी फेकण्याऐवजी चार बोटांवर ओळी ओढल्या की तण आणि रोप वेगळं ओळखू येतं आणि बेणणी निम्म्या वेळात होते.

पावसाळ्यात भाजलेला आणि न भाजलेला वाफा शेजारी शेजारी उभा राहिला की घरातलेच लोक पाहतील. न भाजलेल्याचं रोप थोडं उशिरा आणि थोडं फिकं असेल तर तसं मान्य करा, शेणखत वाढवा आणि पुढच्या वर्षी पुन्हा करा. बरोबरीचं रोप मिळेपर्यंत भाजलेला भाग मोडू नका.

खालच्या खाचरांत भात असेल तर नेरळजवळच्या चंद्रशेखर भडसावळे यांचं सगुणा राइस टेक्निकही जाऊन पाहा. त्यात कायमच्या गादीवाफ्यावर थेट बी टोकतात, त्यामुळे रोपवाटिका, चिखलणी आणि लावणी तिन्ही टळतात. त्यात तणनाशकावर भिस्त आहे, तेवढा विचार करून घ्या. तीव्र उताराच्या वरकस जमिनीवर मी तणनाशक सुचवत नाही. तिथलं पाणी खाली कुणाच्या तरी झऱ्याला जातं.

भाजायचंच असेल तर

राबाच्या भोवती तीन मीटरची पट्टी गवत-पाचोळा ओढून उघडी करा. वारा पडलेला असताना, भल्या सकाळी किंवा सूर्य कलल्यावर भाजा, भर दुपारी कधीच नाही. वरच्या कडेने पेटवा, म्हणजे आग सावकाश खाली उतरते. खालून पेटवली तर ती उतारावर धावत सुटते. ओल्या फांद्यांचे झोडपे आणि पाण्याचे हंडे हाताशी हवेत. धूर पूर्ण थांबेपर्यंत एका माणसाने तिथून हलायचं नाही, कारण शेणी आत बराच वेळ धुमसत राहतात. शेजारच्या शेतवाल्याला आणि वनरक्षकाला आदल्या दिवशी सांगा. राखीव वनात आग लावणं किंवा आपली आग तिथे जाऊ देणं हा 1927 च्या भारतीय वन कायद्याखाली गुन्हा आहे. त्याहीपलीकडे, एका वणव्यात तुमचे पाच वर्षांचे पट्टे आणि गावाचा चारा जातो.

गवत चांगलं यावं म्हणून डोंगर पेटवण्याची सवय मात्र सरळ सोडा. तिच्या बाजूने मला काहीही सापडलेलं नाही.

कवळ तोडताना झाड राखा

झाडाचा शेंडा आणि वरचा तिसरा हिस्सा कधीही तोडायचा नाही. ऐन-किंजळाचे तीन गट करा आणि एका झाडावर दर तिसऱ्या वर्षीच कोयता चालवा. घाव फांदीच्या बुडाशी, तिरका आणि एका झटक्यात. साल सोलली गेली की तिथून कीड शिरते. नवीन तुकडा साफ करावाच लागला तर खुंट मुळासकट काढू नका. गुडघाभर खुंट जिवंत राहिला तर माती धरून राहते आणि पडीच्या वर्षांत तोच आधी फुटतो. हिरडा, मोह, आंबा, उंबर यांना हात लावू नका. भीमाशंकरच्या परिसरात आणि अकोल्यात बाळहिरड्यावर कितीतरी घरांचा उन्हाळा निघतो.

या बाबतीत नागालँडमधल्या कोहिमाजवळच्या खोनोमा गावाकडून घेण्यासारखं आहे. तिथले अंगामी शेतकरी झूमच्या शेतात आल्डरची झाडं मुद्दाम राखतात. पीक घ्यायच्या वर्षी माणसापेक्षा थोड्या अधिक उंचीवर ती छाटतात, फांद्या शेताला देतात, बुंधा तसाच ठेवतात. पडीच्या काळात झाड पुन्हा फांद्या काढतं आणि मुळांच्या गाठींतून जमिनीला नत्र देत राहतं. त्यामुळे त्यांची पड लहान झाली तरी जमीन निसत्त्व होत नाही. आपल्याकडे आल्डर येत नाही. ती जागा गिरिपुष्प, शेवरी आणि तुरीने भरून काढता येते.

रोहिणी ते आषाढ: पेरणी आणि लावणी

रोहिणी नक्षत्रात धूळपेरणी, मृगात रोप वर, आर्द्रा संपताना लावणी हा जुना क्रम पाऊस सरकला तरी आधाराला चांगला आहे. नाचणीचं रोप 21 ते 25 दिवसांचं असताना लावा. उतारावर नांगर घालायचाच तर आडवा, समपातळीच्या पट्ट्यांना समांतर. त्याहून बरा ठोंबा: टोकदार काठीने ओळीत भोकं पाडायची, दोन रोपं ठेवायची, पायाच्या अंगठ्याने दाबायची. सगळी जमीन उकरली जात नाही, म्हणून आषाढाच्या मुसळधार पावसात माती जागची हलत नाही. नाचणीचं पान जमीन झाकण्याआधीच पावसाचा सगळ्यात मोठा मारा येतो, हे लक्षात ठेवा. उघड्या जमिनीवर पट्ट्यांचा पाला आणि गवत पसरायचं ते त्यासाठी.

चार ओळी नाचणीमागे एक ओळ उडीद घ्या. पट्ट्यांच्या कडेला तूर टोका. वाणांत दापोली-1 आणि दापोली-2 कोकणासाठी आहेत, पण सगळं शेत एकदम नव्या वाणाखाली आणू नका. घरचं हळवं बियाणं उशिराच्या पावसात वाचवतं. अकोल्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना 2020 चा पद्मश्री मिळाला तो असं गावरान बियाणं जपण्याच्या कामासाठीच.

दुसरं वर्ष, तिसरं वर्ष, आणि पड

पहिल्या वर्षी नाचणी, दुसऱ्या वर्षी वरी, तिसऱ्या वर्षी खुरासणी, मग पड, हा आपल्या डोंगराचा जुना फेर. त्यात अक्कल आहे: सगळ्यात खादाड पीक आधी, थोडक्यात भागवणारं शेवटी. यात एकच भर घाला. वरी किंवा खुरासणी काढायला आली की ओल असतानाच कुळीथ फेका. जमीन झाकलेली राहते, नत्र येतं, घरात पिठलं येतं.

पड मोकळी टाकू नका, तिला पेरा. शेवटच्या पिकातच तूर आणि शेवरीचं बी टाकून ठेवलं तर पडीच्या पहिल्या पावसाळ्यात जमिनीवर सावली येते. पडीत आग नाही आणि पहिली दोन वर्षं मोकळी चराई नाही. गवत कापून न्यायचं. एकाच घराने हे पाळून उपयोग नाही, कारण गुरं बांध ओळखत नाहीत. म्हणून सगळ्या वाडीची पड एका अंगाला येईल असा फेर ग्रामसभेत बसवून ठरवा. जमीन थोडी असल्याने पड दहा वर्षांची करता येणार नाही. पेरलेली, राखलेली तीन-चार वर्षांची पड मात्र मोकाट सोडलेल्या पडीपेक्षा नक्कीच जास्त कस परत देते.

तीव्र तुकड्यावर वाडी

30 टक्क्यांवरचा जो तुकडा सोडलात तो ओसाड ठेवायचा नाही. बाएफ या ग्रामविकास संस्थेने 1982 मध्ये गुजरातच्या वांसद्यात आदिवासी कुटुंबांबरोबर वाडीची सुरुवात केली: एकरभरात आंबा आणि काजू, कडेने जळणाची आणि चाऱ्याची झाडं. जव्हारकडे ती पुढे रुजली. महाराष्ट्रात 1990 पासून फळबाग लागवड रोजगार हमीला जोडलेली आहे, म्हणून खड्डे खणण्याआधी कृषी सहायकाला भेटा. खणून झाल्यावर अर्ज केला तर मजुरी मिळत नाही. पहिली तीन वर्षं उन्हाळ्यात पाणी कुठून देणार याचं उत्तर नसेल तर वीस झाडं लावा, शंभर नकोत. आंब्याला फळ धरेपर्यंत मधल्या जागेत गवत आणि कुळीथ घ्या, पण खड्ड्याभोवतालची जमीन खणत बसू नका.

कापणीच्या आधी

कार्तिकात कापणी सुरू होण्याआधी एक दिवस राखून ठेवा. शेताच्या मधल्या भागातली, कडेची नकोत, मुठीसारखी घट्ट भरलेली, एकसारखी पिकलेली कणसं उभ्या पिकातून निवडून वेगळी तोडा. न भाजलेल्या वाफ्यातल्या रोपांची कणसं वेगळ्या जुडीत बांधा; पुढच्या वर्षी त्या वाफ्याला त्यांचंच बी. दोन-तीन उन्हं दिल्यावर हाताने चोळून, राखेत घोळवून, झाकणाच्या मडक्यात भरा आणि मडक्यावर तुकड्याचं नाव लिहा. त्याच आठवड्यात वहीत नोंद करा: कोणत्या पट्टीत किती पायली आलं, बेणणीला किती माणसं लागली, कवळाचे किती भारे वाचले. मग पाऊस थांबल्यावर समपातळीच्या पट्ट्यांवरून एक फेरी मारा. जिथे पाण्याने फोडलं आहे तिथे दगड लावून घ्या आणि मेलेल्या काठ्या मोजून ठेवा. पुढच्या मृगात तेवढ्याच नव्या लागतील.